शांत आंदोलनावर पोलिसांनी बळ वापरले तर: नागपुरातल्या विद्यार्थी-पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिष्यवृत्ती अडकली, वसतिगृहाची यादी लागली नाही, परीक्षेची तारीख पुन्हा बदलली, की संविधान चौकात बसायचे ठरते. हिवाळी अधिवेशन आले की असे प्रश्न दुपटीने येतात. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी कायद्यांची जागा भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता यांनी घेतली आहे. म्हणून खाली कलमांचे आकडे नवे आहेत, आणि जुना आकडा अजून सगळ्यांच्या तोंडी असेल तिथे तोही दिला आहे.

१. शांत धरणे द्यायलाही पोलिसांची परवानगी लागते का?

नि:शस्त्र आणि शांततेने एकत्र जमण्याचा हक्क संविधानाच्या कलम १९ मध्ये आहे, तो पोलिसांकडून मिळत नाही. जागा, वेळ, मार्ग, भोंगा यांवर वाजवी अटी मात्र पोलीस घालू शकतात. रस्त्यावरच्या सभांचे नियमन करता येते, मनमानी नकार देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हिम्मतलाल शहा प्रकरणात पन्नासेक वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. दुसरी बाजूही लक्षात ठेवा: सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून बसणे मान्य नाही, असे त्याच न्यायालयाने २०२० मध्ये शाहीनबाग प्रकरणात म्हटले.

अर्ज दोन प्रतींत करा. एक स्थानिक ठाण्यात, एक पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेत. त्यात मागणी, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे संख्या, मार्ग, ध्वनिक्षेपक हवा की नको आणि दोन-तीन जबाबदार व्यक्तींचे मोबाईल नंबर द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही असलेली पोच घ्या. परवानगी तोंडी नाकारली तर त्याच दिवशी ईमेल करा: ‘अमुक वाजता अमुक अधिकाऱ्यांनी तोंडी नकार दिला, कृपया कारण लेखी द्यावे.’ उत्तर बहुधा येत नाही. पण पुढे ‘विनापरवाना जमाव’ असे कोर्टात म्हटले गेले की हा ईमेल कामी येतो.

२. ‘१४४ लागू आहे, निघा’ असे सांगतात. खरे असते का?

जुने १४४ आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आहे. नागपूर शहरात त्याहून जास्त वापरात असते ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चे कलम ३७. त्याच्या उपकलम (३) खाली आयुक्त सभा-मिरवणुकांवर बंदी घालू शकतात, पण शासनाची मंजुरी नसेल तर एका वेळी १५ दिवसांपुरतीच. १६३ चा आदेश दोन महिन्यांपर्यंत चालतो आणि शासनाला तो आणखी सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो.

तेव्हा विचारायचे एवढेच: आदेश कोणत्या कलमाखाली, कोणत्या तारखेचा, कोणत्या हद्दीसाठी? अनुराधा भसीन प्रकरणात (जानेवारी २०२०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि लोकांचे रास्त म्हणणे दाबण्यासाठी ते वापरता येत नाहीत. आदेशाचा फोटो मिळाला तर काढून ठेवा. आदेश खरा निघाला तर मात्र तिथे हुज्जत घालू नका, त्याला आव्हान उच्च न्यायालयात द्यायचे असते.

३. अधिवेशनात मोर्चा विधानभवनापर्यंत का जाऊ देत नाहीत?

मोर्चे बहुतेक यशवंत स्टेडियमकडून निघतात आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंट, टेकडी रोड, लिबर्टी चौक अशा ठरलेल्या ठिकाणी कठडे लावून थांबवले जातात. तिथून शिष्टमंडळ आत नेतात. परवानगीच्या कागदावर हा थांबा लिहिलेला असतो, तो आधी वाचा.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाच्या मोर्चावरील लाठीमारानंतर झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ जण गेले. त्यात बायका आणि लेकरेच जास्त होती. झिरो माइलजवळचे गोवारी शहीद स्मारक त्यांचे आहे. तिथून आयोजकांनी घ्यायची गोष्ट अगदी व्यवहाराची आहे. पुढे कठडा आणि मागून येणारी गर्दी असेल तर पहिल्या दहा ओळींतल्या माणसांना हलायला जागाच उरत नाही. म्हणून मोर्चा तुकड्यांत ठेवा आणि दोन तुकड्यांमध्ये अंतर सोडा. मागच्या टोकाला फोन घेतलेला एक स्वयंसेवक हवा, जो ‘थांबा’ म्हटल्यावर मागचे लोक खरोखर थांबवील. बाजूची गल्ली कोणती मोकळी आहे ते सकाळीच चालून बघा. लहान मुले आणि वयस्क माणसे पहिल्या ओळीत नकोत. फोटो चांगला येतो, पण धोकाही तिथेच असतो.

४. लाठीमार कायदेशीर कधी असतो?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये क्रम दिलेला आहे. जमाव बेकायदेशीर असला पाहिजे, किंवा पाच वा अधिक जणांच्या जमावाने शांतताभंग होण्याची शक्यता असली पाहिजे. कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या गैरहजेरीत किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी पांगण्याचा हुकूम देतो. हुकूम मानला नाही, किंवा मानणार नाही असे वागण्यातून स्पष्ट दिसले, तरच बळ वापरता येते, आणि तेही पांगवण्यापुरते. लाठी कमरेखाली चालवायची असते, हे पोलिसांना प्रशिक्षणातच शिकवतात.

म्हणून पुढची प्रत्येक गोष्ट या चौकटीबाहेरची आहे: इशारा न देता सुरुवात, डोक्यावर किंवा मानेवर फटके, पडलेल्याला मारणे, पळणाऱ्याचा गल्लीत पाठलाग, ताब्यात घेतल्यावर गाडीत मारणे. अनिता ठाकूर प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने आंदोलकांवर अवाजवी बळ वापरल्याचे मान्य करून भरपाई द्यायला लावली. रामलीला मैदान प्रकरणाच्या निकालातही (२०१२) मध्यरात्री झोपलेल्या लोकांवरच्या कारवाईबद्दल पोलिसांवर ठपका ठेवला.

तक्रारीत नुसते ‘अमानुष लाठीमार’ लिहून काही हाती लागत नाही. इशारा दिला का, कोणी, किती वाजता, पांगायला किती मिनिटे दिली, बाहेर पडायची वाट मोकळी होती का, हे लिहा.

५. आम्ही बसलो होतो. मागून कोणी तरी दगड मारला आणि सगळ्यांनाच मारले. आम्ही सगळे दोषी का?

नाही. न्याय संहितेच्या कलम १८९ प्रमाणे पाच किंवा जास्त माणसे आणि कलमात सांगितलेला समान उद्देश, दोन्ही लागतात. नुसते हजर असणे पुरत नाही. अडचण एवढीच की शांत सुरू झालेला जमाव पुढे बेकायदेशीर ठरू शकतो, आणि हे कळूनही तुम्ही तिथे थांबलात तर कलम १९० (जमावातल्या प्रत्येकाला जबाबदार धरणारे) लागू करण्याचा प्रयत्न होतो. दगड दिसला की आयोजकाने माईकवरून ‘हा आमचा माणूस नाही, सगळ्यांनी खाली बसा’ असे म्हणावे आणि ते रेकॉर्ड व्हावे. बसलेल्या जमावात उभा असलेला एकटा माणूस व्हिडिओत चटकन दिसतो.

६. ‘ताब्यात घेतले’ आणि ‘अटक केली’ यात फरक काय?

पोलीस अधिनियमाच्या कलम ६८-६९ खाली, किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७२ खाली, सूचना न मानणाऱ्याला बाजूला नेता येते आणि किरकोळ प्रकरणात प्रसंग टळल्यावर सोडता येते. १७२ मध्ये त्याला २४ तासांची मर्यादा आहे. दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) गुन्हा होऊ नये म्हणून आधीच उचलणे हे कलम १७० (जुने १५१). त्याचीही मर्यादा २४ तासच. यानंतर बरेचदा कलम १२६ ची नोटीस येते, तीच आपली ‘चॅप्टर केस’. ती शिक्षा नव्हे. शांतता राखण्याचा बाँड का घेऊ नये, याचे कारण दाखवायची ती संधी असते, तेव्हा न वाचता सही करू नका.

सोडताना कोऱ्या कागदावर किंवा ‘माझी काही तक्रार नाही’ अशा छापील कागदावर सही मागितली आणि द्यावीच लागली, तर सहीशेजारी वेळ आणि ‘मजकूर वाचायला दिला नाही’ असे लिहा.

७. पोरगं नागपूरला, आम्ही गडचिरोलीला. त्याला धरल्याचे कळले. आधी काय करू?

आधी ठाणे शोधा. प्रत्येक जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात अटक झालेल्यांची माहिती ठेवणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे बंधनकारक आहे. अटक असेल तर पोलिसांनी हे केलेच पाहिजे:

- अटकेचे कारण सांगणे (कलम ४७) आणि घरच्यांना किंवा तो सांगेल त्या मित्राला कळवणे (४८)
- अटक पंचनामा करणे, त्यावर साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही घेणे, आणि अधिकाऱ्याच्या अंगावर वाचता येईल अशी नावाची पट्टी असणे (३६)
- चौकशीदरम्यान वकिलाला भेटू देणे (३८), वैद्यकीय तपासणी करून तिची प्रत देणे (५३)
- प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे (५८)

वकील नसेल तर १५१०० या विधी सेवेच्या नंबरवर फोन करा. कोठडीतल्या व्यक्तीला, तसेच महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातच आहे.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते दंडाधिकाऱ्यापुढे. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असे विचारतात आणि मागे तेच शिपाई उभे असल्यामुळे पोरगा ‘नाही’ म्हणतो. ते ‘नाही’ रिमांडच्या कागदावर उतरते आणि वर्षभराने तेच तुमच्या तोंडावर फेकले जाते. वकिलाकरवी निरोप पोचवा: मारले असेल तर तिथेच बोल, शर्ट वर करून वळ दाखव आणि पुन्हा वैद्यकीय तपासणी माग.

८. मुलींना रात्री ठाण्यात नेता येते का?

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीतच करता येते, तीही महिला अधिकाऱ्याने, लेखी अहवाल देऊन आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन (कलम ४३). अटक करताना अंगाला हात फक्त महिला पोलिसाने लावायचा. ‘अटक नाही, नुसते बसवून ठेवले आहे’ हे उत्तर मिळाले तर ‘मग ती आत्ता जाऊ शकते ना?’ असा सरळ प्रश्न विचारा, फोनचे रेकॉर्डिंग चालू ठेवून.

९. माझा भाऊ बारावीत आहे, सतरा वर्षांचा. त्यालाही लॉकअपमध्ये टाकले.

बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या कोणालाही लॉकअप किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. विशेष बाल पोलीस पथक किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे सोपवून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे नेले पाहिजे. दहावीच्या सनदेची किंवा जन्मदाखल्याची प्रत घेऊन तडक ठाण्यात जा. वय नुसते आधार कार्डावर सिद्ध करायला जाऊ नका, शाळेचा दाखला वरचढ ठरतो.

१०. मार लागला आहे. कुठे जाऊ आणि काय सांगू?

मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात. संविधान चौकातून मेयो जवळ पडते. खासगी दवाखानाही तातडीचे उपचार नाकारू शकत नाही (परमानंद कटारा, १९८९), पण एमएलसीची (पोलीस प्रकरणातल्या जखमेची वैद्यकीय) नोंद सरकारी रुग्णालयात बिनबोभाट होते. त्याच दिवशी जा, दुसऱ्या दिवशी नव्हे.

डॉक्टरांना ‘पडलो’ म्हणू नका. कोणी, कशाने, कुठे, किती वाजता हे सांगा: ‘दुपारी तीनच्या सुमारास चौकात पोलिसाने लाठीने मारले.’ एमएलसी क्रमांक लिहून घ्या. लाठीचा वळ ओळखू येतो: दोन समांतर लाल रेषा आणि मधली कातडी फिकट, रेल्वेच्या रुळांसारखी. पडल्याने असा वळ येत नाही, म्हणून तो नोंदवून घ्या. शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून फोटो काढा. एक चेहऱ्यासह, एक जवळून. पुढचे पाच-सहा दिवस रोज काढा, कारण वळ लालचा निळा, मग हिरवट, पिवळा होत जातो आणि त्यावरून जखमेचे वय कळते.

हाडावर मार असेल तर एक्स-रेचा आग्रह धरा. साधी दुखापत म्हणजे न्याय संहितेचे कलम ११५(२), आणि ते अदखलपात्र आहे, म्हणजे एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून बोळवण. हाड मोडले, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या वा नेहमीची कामे करता आली नाहीत, की ती गंभीर दुखापत ठरते (कलम ११६, जुन्या कायद्यात हे दिवस २० होते) आणि गुन्हा दखलपात्र होतो. एका फिल्मने कलम बदलते.

डोक्याला मार लागून उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा नाका-कानातून पाणी येत असेल तर सीटी स्कॅन करायला उशीर करू नका. आणि हे फार कोणी सांगत नाही: पाठीवर, मांड्यांवर खूप मार बसल्यावर एक-दोन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर तो स्नायू फुटल्याचा परिणाम असतो. किडनी निकामी होऊ शकते. त्याच क्षणी रुग्णालयात जा.

११. अश्रुधुरावर टूथपेस्ट लावतात, ते बरोबर का?

नाही. टूथपेस्ट, तेल, व्हॅसलीन काहीच लावू नका, कण कातडीला चिकटून राहतात. वाऱ्याची दिशा पाहून मोकळ्या आणि उंच जागी जा. डोळे चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स लगेच काढून फेका. साध्या पाण्याने १०-१५ मिनिटे डोळे धुवा, कपडे बदला. दमेकऱ्याने इनहेलर खिशात ठेवूनच जावे. पडलेली नळकांडी उचलू नका: ती तापलेली असते आणि परत फेकलीत तर प्रश्न १५ मधले कलम आयते देता.

१२. पोलिसांचा व्हिडिओ काढला तर गुन्हा होतो का?

सार्वजनिक ठिकाणी काम करणाऱ्या पोलिसाचा व्हिडिओ काढण्यास मनाई करणारा कायदा नाही, कामात अडथळा मात्र आणू नका. ठाण्याच्या आत काढला तर ‘शासकीय गुपिते अधिनियम लावू’ अशी धमकी मिळते. पोलीस ठाणे हे त्या कायद्यातले ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असा निकाल आपल्याच नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात दिला आहे.

मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून गेलेली प्रत दाबलेली असते आणि तिच्यातली वेळेची मूळ माहिती निघून जाते. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. कोर्टात नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) येते, म्हणून व्हिडिओ काढणाऱ्याचे नाव आणि फोनचे मॉडेल लिहून ठेवा. संगीत लावलेली, कापलेली रील पुरावा म्हणून फारशी कामाची नाही.

१३. फोनच जप्त केला तर?

जप्ती पंचनाम्याची प्रत मागा. त्यात फोनची ओळख सांगणारा आयएमईआय क्रमांक हवा. झडती-जप्तीचे चित्रीकरण करणे आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पासवर्डबद्दल वकिलाशी बोलल्याशिवाय काही करू नका.

१४. तक्रार नेमकी कुठे करायची? सगळीकडे एकाच वेळी?

नाही, क्रमाने.

पहिल्यांदा ठाण्यात लेखी फिर्याद, पोच घेऊन. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे (ललिता कुमारी, २०१३). नोंदवला नाही तर तीच फिर्याद परिमंडळाच्या उपायुक्तांना आणि आयुक्तांना स्पीड पोस्टने पाठवा. काटोल, उमरेड, रामटेकसारख्या ग्रामीण हद्दीत पोलीस अधीक्षकांना. त्यानंतर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे. पोलिसांविरुद्ध अर्ज असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(४) प्रमाणे दंडाधिकारी आधी वरिष्ठांचा अहवाल मागवतात आणि संबंधित अधिकाऱ्याचे म्हणणे विचारात घेतात, म्हणजे वेळ लागणार हे धरून चला.

सोबत ठाण्याचे सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याचे पत्र पहिल्याच आठवड्यात द्या. परमवीर सिंग सैनी प्रकरणात (२०२०) ते १८ महिने, निदान एक वर्ष, ठेवायला सांगितले आहे, पण कॅमेरा नेमका त्याच दिवशी ‘बंद’ असायची सवय जुनी आहे. लेखी मागणी असली की त्या बंदचेही उत्तर द्यावे लागते.

गंभीर दुखापत किंवा पद्धत न पाळता ताब्यात घेणे यासाठी राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे. मानवी हक्क आयोगाकडे फी नाही, घटनेपासून एक वर्षाची मुदत आहे. तिथे एक चूक सर्रास होते: राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे अर्ज टाकतात आणि एकाकडे प्रकरण आधीच चालू म्हणून दुसरा हात वर करतो. एकच निवडा. भरपाई किंवा स्वतंत्र तपास हवा असेल तर खंडपीठात फौजदारी रिट.

आणि मुदत पाहा. पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलच्या खटल्याला साधारण सहा महिन्यांची मर्यादा आहे. चौकशी समितीच्या अहवालाची वाट पाहत बसलेल्यांची मुदत इथेच निघून जाते.

१५. आमच्यावरच ‘सरकारी कामात अडथळा’ लावला. आता?

जुने ३५३, आता न्याय संहितेचे १३२. ते अजामीनपात्र आहे, पण त्याला हल्ला किंवा फौजदारी बळाचा वापर लागतो. घोषणा, बसून राहणे, ‘उठणार नाही’ म्हणणे यात तो नसतो. एफआयआरची प्रत घ्या आणि त्यात तुमच्या नावापुढे नेमकी कोणती कृती लिहिली आहे ते शोधा. तीस जणांना एकच वाक्य असेल तर जामिनाच्या अर्जात तेच मांडा. रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५२८.

१६. फक्त न्याय संहितेचे २२३ (जुने १८८, लोकसेवकाचा आदेश मोडणे) लावून दोषारोपपत्र दिले आहे. दंड भरून मोकळे व्हावे का?

थांबा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१५ प्रमाणे या गुन्ह्याची दखल कोर्ट केवळ संबंधित लोकसेवकाच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरून घेऊ शकते, पोलिसांच्या दोषारोपपत्रावरून नाही. शिवाय मुदतीचाही मुद्दा निघतो. गुन्हा कबूल करून दंड भरलात तर ती दोषसिद्धीच असते, आणि ती प्रश्न १९ मध्ये नडते.

१७. पोलिसांवर खटल्यासाठी सरकारची परवानगी लागते म्हणे. मग उपयोग काय?

कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८ आणि जमाव पांगवण्यासाठी कलम १५१ चे संरक्षण आहे. पण २१८ मध्ये आता शासनाला १२० दिवसांत निर्णय घ्यावा लागतो, नाही तर परवानगी मिळाली असे धरतात. शिवाय एफआयआर नोंदवायला आणि तपासाला ही परवानगी लागत नाही. ठाण्यात ‘आधी मंजुरी आणा’ म्हणाले तर ते चूक आहे.

१८. साध्या वेशातल्या लोकांनी मारले. नाव कोणाचे घालू?

अनोळखी इसम म्हणून फिर्याद द्या. माहीत नसलेले नाव अंदाजाने घालू नका, एक चुकीचे नाव सगळी फिर्याद पाडते. त्याऐवजी वर्णन द्या: हेल्मेट, बूट, गाडीचा नंबर, तो कोणत्या गणवेशधारी अधिकाऱ्याशी बोलत होता. बंदोबस्ताची ड्यूटी यादी आणि वायरलेस नोंदी जतन करण्याची मागणी तक्रारीतच करा.

१९. गुन्हा दाखल आहे. एमपीएससीच्या किंवा पोलीस भरतीच्या फॉर्ममध्ये लिहायचा का?

विचारले असेल तर लिहायचा. अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने माहिती दडवणे आणि गुन्ह्याचे स्वरूप यांचा वेगवेगळा विचार केला आहे. किरकोळ प्रकरण खरे सांगितले तर नियुक्तीचा विचार होऊ शकतो, लपवले आणि पडताळणीत सापडले तर उमेदवारी जाऊ शकते. प्रश्न नीट वाचा: ‘अटक झाली होती का’, ‘गुन्हा दाखल आहे का’ आणि ‘दोषी ठरलात का’ ही तीन वेगळी विचारणा आहे. कलम १७० खाली चार तास बसवून सोडले असेल तर तसेच लिहा आणि सुटकेच्या कागदाची प्रत जोडा.

राजकीय-सामाजिक आंदोलनांचे खटले मागे घेण्याचे शासन निर्णय महाराष्ट्रात वेळोवेळी निघतात. जीवितहानी नसावी आणि मालमत्तेचे नुकसान पाच लाखांच्या आत असावे, अशा अटी त्यांत राहिल्या आहेत. समितीने शिफारस केली तरी सरकारी वकिलाला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० खाली अर्ज करावा लागतो आणि कोर्टाची संमती लागते. वर्तमानपत्रात ‘गुन्हे मागे’ अशी बातमी आली म्हणजे तुमचा गुन्हा गेला असे नाही. न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि ती हाती येईपर्यंत फॉर्ममध्ये ‘प्रलंबित’ असेच लिहा.